दडपणाखाली टीम गप्प होते तेव्हा : या चुका टाळा

अवघड प्रकल्पाची मुदत जवळ आली की टीमचे वागणे बदलते आणि हा बदल सर्वांत आधी बोलण्यात दिसतो. आढावा बैठका लांबतात, पण त्यांत प्रश्न कमी येतात आणि ‘काम सुरू आहे’ हे मोघम उत्तर वाढते.

अशा वेळी शांततेला सहमती समजणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जणांचा मृत्यू झाला. धुके दाट होते, कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत होती. तरीही उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विचारली होती. अनुभवी कॅप्टनने ठामपणे ते झाल्याचे सांगितले आणि शंका तिथेच विरली. कनिष्ठाने शंका कशी लावून धरावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकून घ्यावी, याचे प्रशिक्षण विमान वाहतूक क्षेत्रात पुढे रुजले, त्यामागे अशा अपघातांचा अनुभव होता.

म्हणून ‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नये. त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. ‘हे काम मुदतीत झाले नाही, तर कशामुळे होणार नाही?’ असे प्रत्येकाला, आणि सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला आधी, विचारावे. वाईट बातमी आणणाऱ्याला चारचौघांत झापले, तर पुढची बातमी आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही, हे प्रमुखाने पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी चूक म्हणजे रखडलेल्या कामावर ऐनवेळी माणसे वाढवणे. पाच जणांत परस्परसंवादाच्या १० जोड्या असतात, दहा जणांत त्या ४५ होतात. शिवाय नव्यांना काम समजावून सांगण्याची जबाबदारी ज्यांना आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही त्यांच्यावरच येते. सॉफ्टवेअर क्षेत्रात फ्रेड ब्रूक्स यांनी हा धोका १९७५ मध्येच मांडला होता. त्यापेक्षा कामाची व्याप्ती कमी करावी आणि कोणता भाग मागे ठेवला, हे ग्राहकाला लेखी कळवावे.

जागरणे मात्र कधीकधी टळत नाहीत. तशी वेळ आलीच, तर मागे फिरवता न येणारे निर्णय तरी सकाळपर्यंत थांबवावेत.