तपासणीत घर नापास झालं, तरी भाड्यासाठी घ्यावं का?

मुंबईत भाड्याने द्यायला म्हणून तीसेक वर्षं जुना रिसेल फ्लॅट पाहिलात, इंजिनीअरला दाखवलात आणि अहवालात ओल, चिरा, उघड्या सळया निघाल्या. विसार दिला नसेल, तर घाई करू नका. "पुट्टी मारून रंग दिला की झालं," असं एजंट सांगेल. त्यावर जाऊ नका.

1. आधी दोष वेगळे करा. प्रत्येकापुढे 'घर' किंवा 'इमारत' असं लिहा. वायरिंग, लाद्या, नळ हा घराचा खर्च. एकदा केला की संपला. वरच्यांच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल, तर सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नियमावलीनुसार, खर्च त्या सभासदाचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाऊस येत असेल, तर सोसायटीचा. खरी काळजी कॉलम-बीमची. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून प्लास्टर केलं तरी आत गंज चालूच राहतो, आणि तुम्ही एकट्याने तो थांबवू शकत नाही.

2. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागा. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारक आहे. शेरा सी-1 असेल, तर इमारत रिकामी करून पाडायची असते. तिथे विषय संपला. भाडेकरूही आपली मुलंबाळं घेऊनच राहायला येतो. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, म्हणजे तेवढे महिने भाडं बंद. सी-2बी (रिकामी न करता दुरुस्ती) किंवा सी-3 (किरकोळ दुरुस्ती) असेल, तर पुढे बोलता येतं. ऑडिट दाखवायला टाळाटाळ झाली, तर मी ते घर घेणार नाही.

3. खर्च भाड्यात मोजा. समजा भाव 80 लाख, भाडं 22,000. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि एखादा रिकामा महिना धरला, तर वर्षाला हातात दोनेक लाख राहतात. सोसायटीच्या दुरुस्तीत तुमचा वाटा 5 लाख आला, तर अडीच वर्षांचं भाडं गेलं. शिवाय प्राप्तिकरात भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीला कितीही लागले तरी जास्त नाही. 6 टक्के मुद्रांक शुल्क वेगळंच.

4. मग भाव पाडून मागा. दुरुस्तीचं लेखी कोटेशन पुढे ठेवा आणि बंद पडलेल्या महिन्यांचं भाडंही त्यात धरा. मालक तेवढं उतरत नसेल, तर सोडा. उतरला, तर सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि सभेत आधीच मंजूर झालेली दुरुस्तीची वर्गणी कोण भरणार, ते करारनाम्यात लिहून घ्या.