पावसाळ्यात मलेरियाचं कार्ड कसं लावायचं

खानापूर तालुक्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. पाऊस लागला की जांबोटी, कणकुंबीकडची माणसं तापानं फणफणत येतात. मलप्रभा उगम पावते तो हा भाग. इथं आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि धुतलेलं लुगडं चुलीशेजारी धरल्याशिवाय वाळत नाही. आशाताईंसाठी आणि लॅबला नव्यानं लागलेल्या मुलींसाठी हे लिहितेय, कारण मलेरियाच्या कार्डाचा, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तावर मलेरिया दाखवणाऱ्या तपासणी-पट्टीचा, खरा वैरी ही ओलच.

कार्डावर जी लालसर रेघ उठते ना, ती सोन्याची असते. मंगळसूत्रातलं सोनं पिवळं दिसतं, पण त्याचेच कण साधारण 40 नॅनोमीटरचे केले की ते उजेडातला हिरवा रंग शोषतात आणि लाल दिसतात. केसाच्या जाडीत असे हजाराहून जास्त कण एका ओळीत बसतील. या कणांना मलेरियाचं प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं चिकटवून ते कार्डातल्या पट्टीत वाळवलेले असतात. रक्त आणि बफर (किटसोबतच्या बाटलीतलं द्रावण) पडलं की कण सुटतात, पट्टीवरून वाहत जातात. रक्तात मलेरिया असेल तर 'टी' (टेस्ट) लिहिलेल्या जागी अडकून गोळा होतात. 'सी'ची (कंट्रोलची), म्हणजे कार्ड नीट चालतंय हे दाखवणारी रेघ मात्र आजार असो नसो, उठलीच पाहिजे.

हे वाळवलेले कण ओलीनं बिघडतात, म्हणून कार्डाचं पाकीट आधी फोडून ठेवायचं नाही. पहिल्या वर्षी तापाच्या एका शिबिरात रांग मोठी म्हणून मी दहा पाकिटं एकदम फोडून टेबलावर मांडली. बाहेर धो धो पाऊस. शेवटच्या तीन कार्डांवर 'सी'सुद्धा आली नाही आणि त्या तिघांना पुन्हा टोचावं लागलं. त्यात एक चार वर्षांचं पोर होतं. त्याचं रडणं अजून कानात आहे. तेव्हापासून बोट पुसून तयार झाल्यावरच मी पाकीट फाडते. किट फ्रिजमधलं असेल तर बंद पाकीटच अर्धा तास बाहेर ठेवा; गार असताना फाडलं तर आत दव धरतं. आतली ओल शोषणारी सिलिकाची पुडी नसेल किंवा पाकिटाला भोक असेल तर ते कार्ड बाजूला काढा.

टोचण्याआधी स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसा, दुसरा घ्या. रक्त लागतं जेमतेम 5 मायक्रोलिटर. किटमधल्या नळीवर खूण असते, तिथपर्यंतच. जास्त रक्त घातलं म्हणजे तपासणी पक्की होते असं नाही, उलट पट्टी लालेलाल होऊन रेघ वाचता येत नाही. बफरची बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात. आणि एका किटचं बफर दुसऱ्याला कधीच वापरू नका. टोचणी लगेच पांढऱ्या डब्यात.

कार्ड सपाट जागी ठेवून त्यावर पेनानं वेळ लिहा. किटच्या कागदावर जितकी मिनिटं दिलीत, बहुतेक 15 ते 20, तेव्हाच वाचा. तासाभरानं उठलेली रेघ धरायची नाही. वेळेत आलेली रेघ फिकट असली तरी ती रेघच. खिडकीपाशी नेऊन बघा. 'सी' नसेल तर 'टी' कितीही ठळक असो, कार्ड बाद.

टोचण्याआधी एक प्रश्न मात्र चुकवू नका. मराठी माणसाला "ताप येऊन किती दिवस झाले?" आणि कन्नड बोलणाऱ्याला "ज्वर बंदु एष्टु दिन आयतु?" कारण याच तापात लागणारं डेंग्यूचं एनएस1 कार्ड, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन पकडणारं, पहिल्या पाचेक दिवसांत जास्त कामाचं, त्यानंतर ते निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

मागच्या महिन्यात मलेरियाचं औषध घेतलं होतं का, हेही विचारा. फाल्सिपारम या मलेरियाच्या प्रकाराचं जे प्रथिन कार्ड पकडतं ते बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. बरा झालेला माणूस घाबरून पुन्हा आला आणि टी दिसली, तर घरच्यांचा धीर सुटतो. अशा वेळी कार्ड लावूच नका, काचेवर रक्ताचा थर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला द्या.