लेकीकडे ओहायोला जाताय? दगडी हत्यारं शोधा

अमेरिकेत लेकीकडे पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, मग दुपार खायला उठते. आमच्या ठाण्याच्या पांचपाखाडीतले बरेच आजी-आजोबा एप्रिल-मेमध्ये निघतात आणि ओहायोत तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी दगडी हत्यारं शोधायचा मोसमही तोच: शेत नांगरलेलं, पाऊस पडून गेलेला, मका अजून वर न आलेला. हल्ली तिकडे कितीतरी शेतकरी नांगरतच नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

आधी परवानगी. सरकारी जमिनीवरचं काही उचलायचं नाही, १९७९ चा पुरातत्त्व कायदा कडक आहे. खासगी शेत असेल तर जावयाला पुढे घाला आणि मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या. फ्लिंट रिज या ओहायोतल्या राखीव जागेला जरूर जा, रंगीत चकमकीचे दगड आणि प्राचीन खाणींचे खड्डे बघा, पण हात खिशात ठेवून.

ओढ्याजवळचा, पुराचं पाणी न पोचणारा उंचवटा धरा. कोवळ्या उन्हात, सूर्याकडे तोंड करून सरींमधून चाला. ओला चकमक लगेच चमकतो.

ओळखायचा सराव ठाण्यातच करून जा. जाड काचेच्या फुटलेल्या बाटलीचं बूड बघा, तुटल्या जागी शिंपल्यासारख्या लहरी दिसतील. चकमकही तसाच फुटतो. फाळ लागून फुटलेल्या दगडावर असा लहरींचा एखादाच खळगा असतो. घडवलेल्यावर दोन्ही अंगांनी, कडेकडून मध्याकडे, ओळीने असतात. मग कडेवरून हलकेच नख फिरवा. टोकाकडे धार नखाला ओरबाडते आणि बुडाशी एकदम गुळगुळीत लागली, तर तिथे ती मुद्दाम घासलेली आहे: दांडीला बांधलेली तात कापली जाऊ नये म्हणून. असं टोक, म्हणजे भाल्याचं किंवा बाणाचं दगडी पातं, बहुधा फार जुनं. क्लोव्हिस नावाची टोकं तर सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची, बुडापासून वर लांब पन्हळ काढलेली. त्यांची आशा धरू नका. तिकडे सगळ्यांनाच बाणाची टोकं म्हणतात, पण धनुष्यबाण सर्रास झाला तो साधारण दीड हजार वर्षांपूर्वी. त्याआधीची टोकं भाल्यांची.

उचलण्याआधी फोटो काढा, फोनवर जागा टिपून घ्या. घरी नुसत्या पाण्याने माती काढा. दळायचा दगड सापडला तर त्याला पाणीही लावू नका. त्याच्या खाचांतल्या पिष्टकणांवरून काय दळलं जायचं ते तज्ज्ञांना कळतं. टोकाच्या कोपऱ्यात पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर बारीक पेनने क्रमांक, वर पुन्हा नेलपॉलिश. तोच क्रमांक वहीत, जागेच्या नोंदीसह. जागा माहीत नसलेलं टोक म्हणजे नुसता देखणा दगड.

हाडं दिसली तर हात लावू नका. मालकाला सांगा, पोलिसांना कळवा. विकत तर घेऊच नका, आजही हुबेहूब टोकं घडवणारे आहेत आणि ती जुनी म्हणून खपतात.

माझी टोकं परवानगीच्या कागदासकट लेकीकडेच असतात, ठाण्यात फक्त वही आणि फोटो. विमानतळावर धारदार दगडांचा खुलासा करत बसायची हौस मला नाही.