दीड-दोन वर्षाच्या लेकराला पुस्तक कसं वाचून दाखवायचं

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचंच आहे, हे आधी डोक्यातून काढा. एवढंसं लेकरू दोन पानं पाहते, मग एकदम शेवटचं उघडते, मग पुस्तक चावते आणि आपण म्हणतो याला आवडच नाही बाप्पा! अहो आवडते, पण पानं पलटवणं हाच त्याचा अर्धा खेळ असतो, तर पलटवू द्या त्यालाच. जाड पुठ्ठ्याची बोर्डबुकं घ्या, सहसा फाटत नाहीत, लाळ पुसली की झालं.

आता मेन गोष्ट. वाचायचं कमी, बोलायचं जास्त. चित्रावर बोट ठेवून "हे कोण?" विचारा आणि गप्प बसा, मनात पाचपर्यंत मोजा. हेच आपल्याला जमत नाही, लगेच आपणच उत्तर देऊन मोकळे. पोट्टं "भू" म्हणालं तर "हो, काळा भूभू पळून राहिला" असं त्याच्याच शब्दाला दोन शब्द जोडायचे आणि त्याला परत म्हणू द्यायचं. चुकलं तर टोकायचं नाही, बरोबर शब्द आपण म्हणायचा बस. याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या टीमनं १९८८ मध्ये यावर अभ्यास छापला, पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांना आईबाबांनी महिनाभर असं वाचून दाखवलं आणि ती मुलं बोलण्यात बाकीच्यांच्या पुढे गेली.

पण सारखं "हे काय, ते काय" नको, परीक्षाच वाटते ती. चित्रात वाघ आला तर "गोरेवाड्याच्या झूमध्ये पाहिला होता ना आपण?" म्हणा, ट्रेन आली तर सीताबर्डीच्या मेट्रोची आठवण काढा, संत्रं आलं तर खरं संत्रं हातात द्या, सोलू द्या, पुस्तक चिकट झालं तर होऊ द्या. रोजचं तेच पुस्तक मागते म्हणून वैतागू नका. पाठ झालेल्या ओळीतला शेवटचा शब्द आपण सोडायचा, तो कसा जोरात ओरडून पूर्ण करते पाहा! आवाज काढायचं काम आजी-आबांना द्या, त्यांना लाज नसते, आपल्याला असते.

वेळ पाच-दहा मिनिटं पुरे. झोपायच्या आधी बरं पडते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर निघता येतच नाही तेव्हाही चालते, फक्त कूलरच्या समोर बसू नका, पानं उडतात आणि लेकराचं लक्ष तिकडेच.

पुस्तकं महागच पाहिजेत असं काही नाही. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. त्या प्रिंट काढून पंच करून दोऱ्यानं बांधा, मोबाइलवर नको, डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हटलंय आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एक तासाच्या वर नाही. घरच्या माणसांचे फोटो छोट्या अल्बममध्ये टाकले तरी मस्त पुस्तक होते, मामा-आत्या ओळखायला तर हेच बेस्ट.

आणि पुस्तकं शोकेसमध्ये वर ठेवू नका, खाली टोपलीत ठेवा, त्याचा हात पोचेल अशी. तुम्ही कणिक मळत असाल आणि तो पुस्तक घेऊन आला तर "नंतर" म्हणून हाकलू नका, ओट्याजवळ बसवा आणि "काय दिसून राहिलं तुला, सांग" म्हणा, हात पिठाचे असले तरी एवढं होते.