लिनक्स डेस्कटॉप अडला तर: बिघाड कुठल्या थरात आहे ते आधी शोधा

अपग्रेडनंतर वायफाय किंवा आवाज गेला की बहुतेक जण नेटवर सापडलेल्या आठ-दहा कमांड एकामागून एक चालवून पाहतात. सातवीनं काम झालं तरी आधीच्या सहांनी काय बदलून ठेवलं ते कळत नाही, आणि पुढच्या अपग्रेडला ते अंगाशी येतं. हार्डवेअर, फर्मवेअर (हार्डवेअरच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर), कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडला जाणारा ड्रायव्हर), मागे चालणारी सर्व्हिस आणि तुमच्या खात्याची सेटिंग्ज असे पाच थर असतात. बिघाड कुठल्या थरात आहे ते कळेपर्यंत काहीही बदलू नका, आणि कळल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला.

पुढची माहिती उबंटू, मिंट आणि डेबियन धरून दिली आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. सिस्टिम बदलणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारा शब्द) लागतं.

आधी तीन चाचण्या

पहिली चाचणी लाइव्ह यूएसबीची. पेनड्राइव्हवरून बूट करा, इन्स्टॉल न करता नुसतं चालवून पाहा. बंद पडलेली वस्तू तिथे चालली तर हार्डवेअर ठीक आहे, दोष इन्स्टॉल केलेल्या सिस्टिममध्ये आहे. खरं तर ही चाचणी अपग्रेडच्या आधी करायची असते. नव्या आवृत्तीच्या लाइव्ह यूएसबीवर वायफाय, आवाज आणि स्लीपमधून उठणं तपासायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तिथे जे चालत नाही ते अपग्रेडनंतरही बहुधा चालणार नाही.

दुसरी चाचणी जुन्या कर्नलची. मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडायचा मेनू आणा: यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) असेल तर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडा. त्यावर सगळं चालत असेल तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्यासाठी न बनलेल्या मॉड्यूलमध्ये आहे.

तिसरी चाचणी नव्या खात्याची. एक नवीन युजर बनवून त्यातून लॉगिन करा. तिथे पॅनेल, थीम, आवाज सगळं नीट असेल तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या जुन्या सेटिंग्जचा. ग्नोम डेस्कटॉपची जुनी एक्स्टेन्शन्स अशा वेळी हमखास सापडतात. ती आधी बंद करा.

मग लॉग वाचा. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ ही कमांड मागच्या बूटमधल्या चुका दाखवते. मशीन गोठून सक्तीनं बंद करावं लागलं असेल तर उत्तर बहुधा तिथेच असतं. एसीपीआयच्या (पॉवर आणि हार्डवेअरच्या माहितीशी संबंधित) लाल ओळी जवळपास प्रत्येक लॅपटॉपवर दिसतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. तीच ओळ जुन्या, चालत्या कर्नलवरही दिसत असेल तर तिच्या मागे लागू नका.

अपग्रेड अर्ध्यावर अडकतं तेव्हा

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण अगदी साधं असतं: बूट पार्टिशन भरलेलं. डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलं असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं असतं, आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते लहान असतं. दर कर्नलमागे एक इनिटआरडी फाइल (बूट होताना आधी लागणारे ड्रायव्हर असलेली) तयार होते, ती सहज १०० एमबीच्या आसपास जाते. शिवाय ती नव्यानं बनताना जुनी लगेच पुसली जात नाही, म्हणून एका जादा फाइलची जागा लागते. ‘डीएफ -एच /बूट’ करून पाहा.

उपाय ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’; ॲप्ट म्हणजे पॅकेज बसवणारा-काढणारा प्रोग्राम. बूटमधल्या फाइल हातानं पुसू नका. पॅकेजच्या नोंदीत तो कर्नल तसाच राहतो आणि पुढच्या वेळी त्याची इनिटआरडी पुन्हा बनते. जागाच नाही म्हणून ॲप्टसुद्धा पुढे जात नसेल तर ‘युनेम -आर’नं चालू कर्नल कुठला ते पाहा, तो सोडून सर्वात जुन्या कर्नलची एक इनिटआरडी फाइल दुसऱ्या पार्टिशनवर हलवा, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा आणि मग त्या जुन्या कर्नलचं पॅकेज रीतसर काढा. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक, एवढे दोन कायम ठेवा. इनिटआरडी बनवणाऱ्या इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स=डेप’ केलं की फाइल बरीच लहान होते, पण मग तिच्यात फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर राहतात. तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही.

वीज गेली किंवा खिडकी बंद झाली आणि अपग्रेड तुटलं, तर क्रम असा: आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. शेवटच्या कमांडला ‘वाय’ म्हणण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचा. तिच्यात तुमचा डेस्कटॉपच असेल तर तिथेच थांबा. लॉकची तक्रार आली तर लॉक फाइल पुसू नका. बहुधा मागे आपोआप होणारे अपडेट चालू असतात. ते संपू द्या.

बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांचे साठे), म्हणजे पीपीए वगैरे, हे अडकण्याचं दुसरं मोठं कारण. उबंटू अपग्रेडच्या वेळी त्या बंद करतं, पण तिथून आधी घेतलेली पॅकेजं मशीनवर राहतात आणि अधिकृत पॅकेजांशी भांडतात. ‘पीपीए-पर्ज’नं ती आधीच मूळ आवृत्तीवर आणलेली बरी. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ करून रोखून धरलेली पॅकेजंही पाहा; कधीतरी रोखलेलं एखादं पॅकेज अख्खं अपग्रेड अडवतं.

डेबियन ११ वरून १२ वर जाताना अनेकांचं वायफाय जातं, त्याचं कारण ठरलेलं आहे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ नं फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री’ विभागातून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात हलवली. पॅकेजं कुठून घ्यायची ते लिहिलेल्या सोर्सेस फाइलमध्ये हा शब्द जोडला नाही तर फर्मवेअर जुन्याच आवृत्तीवर राहतं, आणि नवा कर्नल मागतो ती फाइल मिळत नाही. शब्द जोडून अपडेट करा. डेबियनमध्ये मधली आवृत्ती वगळून उडी मारता येत नाही; ११ वरून १२, मग १३. उबंटूच्या एका एलटीएसवरून (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसचं अपग्रेड पहिली सुधारित आवृत्ती आल्यावरच खुलं होतं. तोवर अपग्रेडची सूचना दिसत नसेल तर तो बिघाड नाही.

काळी स्क्रीन आणि एनव्हिडिया

कर्नल बदलला की एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी असावं लागतं. डीकेएमएसनं (कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणाऱ्या साधनानं) ते बनवायचं असेल तर कर्नलची हेडर्स लागतात. हेडर्सचं पॅकेज नसेल तर मॉड्यूल बनत नाही, आणि लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन येते. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. चालू कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर हेडर्स बसवून ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ करा.

मॉड्यूल आहे पण लोड होत नाही, आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो, तेव्हा अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या सुरक्षेची. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ करून तो चालू आहे का पाहा. चालू असेल तर मॉड्यूलवर सही करणारी किल्ली यूईएफआयला ओळखीची करून द्यावी लागते. ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ आणि पुढे किल्लीच्या फाइलचा मार्ग द्या. उबंटूत ही फाइल /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक या फोल्डरमध्ये असते. कमांड एक पासवर्ड विचारते, तो फक्त एकदाच लागतो. रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि काही सेकंदांत काही दाबलं नाही तर निघून जाते. लोक नेमके इथे चुकतात. तिथे ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड. त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा. स्क्रीन हुकली तर इम्पोर्ट पुन्हा करा.

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ हा संदेश मात्र पाहून घाबरू नका. अपडेटनं लायब्ररी बदलल्या, पण मेमरीत जुनंच मॉड्यूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. रिस्टार्ट पुरतं.

कन्सोलही मिळत नसेल तर ग्रबमध्ये कर्नल निवडून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, आणि तसाच राहू द्यावा. ते कायम ठेवलं तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर कधीच नीट चालणार नाही. केप्लर पिढीची जुनी कार्डं, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि बरीचशी ७०० मालिका, ४७० ड्रायव्हरपुढे चालत नाहीत. त्यांच्यासाठी नवा ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका.

वायफाय

आधी मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे पॅकेज उतरवायला इंटरनेट मिळेल. यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. नेटवर्क कार्डाच्या पुढे चौकटी कंसात दोन भागांचा कोड दिसतो. शोधायचं ते या कोडवरून. खोक्यावरच्या नावावरून नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर मॉड्यूलच बसलेलं नाही. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना ते वेगळं घ्यावं लागतं. ओळ आहे पण नेटवर्क दिसत नाही, तर ‘डीएमईएसजी’मध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. फर्मवेअर लोड होत नसल्याची ओळ असेल तर हव्या असलेल्या फाइलचं नावही तिथेच सापडतं.

तेही ठीक असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’नं सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कुठलीही कमांड उपयोगाची नाही. लॅपटॉपचं बटण किंवा बायोसमधली सेटिंग पाहा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर त्याचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे काही कार्डं अर्धवट अवस्थेत राहतात आणि विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं.

वायफाय जोडलं जातं पण सारखं तुटतं, तेव्हा पॉवर सेव्हिंगवर संशय घ्या. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३ असेल तर २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद.

आवाज

‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ६ नं खरं कार्ड निवडा. ज्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसतं ती म्यूट आहे; ‘एम’ दाबून उघडा. मग आउटपुट चुकून मॉनिटरच्या एचडीएमआयवर तर गेलेलं नाही ना ते पाहा. अडकलेला पाइपवायर (आवाज सांभाळणारी सर्व्हिस) ‘सिस्टमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर’नं सुटतो, याला सुडो लावायचं नाही. सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल आणि लॅपटॉप नव्या इंटेल चिपचा असेल, तर बहुधा साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज नाही. डेबियनमध्ये त्याचं नाव ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’.

डिस्क आणि रॅम बदलताना

एम.२ स्लॉट दिसायला सारखे असले तरी काहींत फक्त साटा प्रकारची एसएसडी चालते, काहींत फक्त एनव्हीएमई, काहींत दोन्ही. मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. अनेक बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी बसवली की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, आणि नवी डिस्क लावल्यावर जुनी हरवल्यासारखी वाटते. अशा वेळी केबल दुसऱ्या पोर्टला लावा. बायोसमध्ये डिस्क दिसते पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, तर तिथे इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी हा डिस्कचा मोड बंद करून एएचसीआय करा. मशीनवर विंडोज असेल तर ते बूट होणं थांबू शकतं; हा बदल करण्याआधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून ठेवा.

जुनी डिस्क काढल्यावर बूट होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत ९० सेकंद थांबून शेवटी इमर्जन्सी मोड येतो, तो एफएसटॅब (बूटला जोडायच्या डिस्कांची यादी) फाइलमधल्या उरलेल्या नोंदीमुळे. रूटचा (ॲडमिन खात्याचा) पासवर्ड देऊन ती ओळ काढा. पासवर्ड ठेवलेलाच नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून काढा. नव्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) ‘बीएलकेआयडी’नं घ्या, आणि ज्या डिस्कशिवाय सिस्टिम चालू शकते तिच्या नोंदीत ‘नोफेल’ लिहा. डिस्क क्लोन केली असेल तर पहिल्या बूटला जुनी काढून ठेवा. दोघींचे यूयूआयडी एकच असतात, आणि सिस्टिम कुठल्या डिस्कवरून उठली ते सांगता येत नाही.

डिस्कवर संशय असेल तर ‘स्मार्टसीटीएल -ए’. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा आकडा वाढत असेल तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. फक्त ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, साटा केबल बदला.

नवी रॅम घातल्यावर प्रोग्राम कुठेही, कसेही कोसळायला लागले तर आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) बंद करून पाहा. थांबलं नाही तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. त्याची ६ नंतरची आवृत्ती यूईएफआयवरही चालते. एक जरी चूक निघाली तरी एकेक स्टिक वेगळी लावून तपासा, आणि चूक दाखवणारी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही घालून पाहा, कारण कधी कधी खराब असतो तो स्लॉट.