नदीकाठी जिओकॅशिंग करताना या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी ॲपमधल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि ॲपवर ‘सापडली’ अशी नोंद करायची, असा खेळ. समजा, पुण्यात तुम्ही तो खेळताय. मोबाइलमधला बाण सांगतो, डबी 60 मीटरवर आहे. तुम्ही नदीपात्रातल्या रस्त्यावर उभे, आणि ते 60 मीटर थेट मुठेच्या पाण्यावरून जातात. ॲप सरळ रेषेतलं अंतर मोजतं, पुलांशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून घरून निघतानाच उपग्रह नकाशा उघडून डबी डेक्कनच्या काठाला आहे की नारायण पेठेच्या, एवढं पाहून घ्या. पावसाळ्यात तर भिडे पुलाच्या भरवशावर बेत आखूच नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पहिल्यांदा तोच पाण्याखाली जातो.

दुसरी चूक आकड्यांची. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात, उदाहरणार्थ उत्तर 18° 31.250′. हेच घाईत 18.31250 असं नकाशात टाकलं की तुम्ही सुमारे 23 किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे सिंहगडाच्याही पलीकडे पोहोचता. ही चूक निदान लगेच कळते. पण तोच आकडा 31 मिनिटं 25 सेकंद असा वाचलात तर फरक जेमतेम 300 मीटरचा पडतो. नदी तीच, झाडं तशीच, त्यामुळे शंकाही येत नाही आणि तासभर भलत्याच कठड्याखाली हात घालत बसता.

आकडे बरोबर असूनही बाण नाचत असेल तर वर बघा. उंच इमारतींवर आणि काँक्रीटवर आपटून आलेले उपग्रहांचे संदेश फोनला फसवतात, दाट झाडीही त्यांना अडवते. पुलाखाली आणखी एक भानगड असते. सळया आणि लोखंडी कठड्यांमुळे फोनचं होकायंत्र बिघडतं. अशा वेळी मोकळ्या जागी या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मिनिटभर थांबा आणि मग दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा जवळ जा. डबी लपवणाऱ्याच्या फोनचीही काही मीटरची चूक त्या आकड्यांत आधीच मिसळलेली असते. त्यामुळे शेवटचे दहा मीटर फोन खिशात घाला आणि डोळे वापरा. जरा जास्तच नीट रचलेले दगड, विनाकारण बसवलेला बोल्ट, असं काहीतरी खटकतं. कपारीत आधी काठी घाला, मग हात. नदीकाठी सापही असतात आणि फुटक्या बाटल्याही.

शोधायला लागण्याआधी ॲपवर डबीचा आकार वाचला का? जेवणाच्या डब्याएवढं काहीतरी असेल या समजुतीने लोक फिरतात आणि प्रत्यक्षात ती बोटाच्या पेराएवढी चुंबकी डबी असते.

आता वागण्याविषयी, आणि इथे पुण्याचा संदर्भ विसरून चालणार नाही. 2010 मध्ये कोरेगाव पार्कात आणि 2012 मध्ये जंगली महाराज रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले. दोन्ही ठिकाणं नदीपासून लांब नाहीत. पुलाच्या खांबाला टेप गुंडाळलेला डबा चिकटवला तर कुणीतरी पोलिसांना फोन करणार, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पूल, मेट्रोचे खांब, मंदिरांचं आवार, स्मशानभूमी, येरवड्याजवळचं सलीम अली पक्षी अभयारण्य, डबी लपवायला या जागा सोडून द्या. डबी पारदर्शक असावी आणि आत हा खेळ काय आहे ते मराठीत लिहिलेली चिठ्ठी असावी. पोलिसांनी हटकलं तर ‘काही नाही, असंच’ हे सर्वांत वाईट उत्तर. ॲप उघडून सरळ दाखवा. संध्याकाळी झेड पुलावर फोन पुढे धरून रेंगाळू नका, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या जोडप्यांना उपग्रहाचं स्पष्टीकरण पटत नाही. परदेशातल्या नातेवाइकाने सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारा संच, आणून दिला असेल तर तोही घरीच ठेवा, आपल्याकडे तो परवान्याशिवाय वापरता येत नाही.

लपवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे एप्रिलमध्ये जागा निवडणं. तेव्हा नदी इतकी आटलेली असते की घाटाची शेवटची पायरीही सुरक्षित वाटते. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं होतं. पाणी कुठवर येतं हे बघायला कागदपत्रं लागत नाहीत. काठच्या झाडांच्या फांद्यांवर अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या बघा, डबी त्याच्याही बरीच वर हवी. नाहीतर तुमची डबी मुळा-मुठेतून उजनीच्या दिशेने निघते, नदीच्या कचऱ्यात आणखी एक प्लास्टिक. झाकणाला रबरी कडा असलेली डबी घ्या, वही झिपच्या पिशवीत ठेवा आणि सोबत पेन नको, पेन्सिल. ओल्या कागदावर पेन चालत नाही. गोळ्या-चॉकलेट अजिबात नको, मुंग्या आणि घुशी तुमच्याआधी ‘सापडली’ म्हणतील. दोन डब्यांमध्ये किमान 161 मीटर अंतर लागतं, हेही नोंदणीआधी तपासा.

खूप शोधूनही हाती काही आलं नाही तर आधीच्या नोंदी वाचा. शेवटची ‘सापडली’ पावसाळ्याआधीची असेल तर डबी वाहून गेली असण्याची शक्यता मोठी. काहीजण अशा वेळी खिशातली नवी डबी तिथे ठेवतात आणि स्वतःच्याच डबीत सही करून मोकळे होतात. मूळ डबी हातभर अंतरावर असली की एका जागी दोन डब्या होतात आणि पुढचे सगळे गोंधळतात. ‘सापडली नाही’ अशी नोंद करायला लाजू नका. कुठे कुठे पाहिलं, पाणी किती वर होतं, तेही लिहा. डबी लपवणाऱ्या मालकाला तिथे चक्कर मारून बघायला तेवढं पुरतं.