गाला प्लासिडियाला आवाज देताना
इ.स. 410च्या रोमच्या लुटीच्या सुमारास गॉथ या जर्मानिक लोकांच्या हाती ओलीस सापडलेली, 414 मध्ये त्यांच्याच अताउल्फ राजाशी विवाह झालेली आणि 425 पासून अल्पवयीन मुलाच्या नावाने पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार पाहणारी गाला प्लासिडिया तुमच्या पुस्तकाची नायिका असेल आणि त्याचे ऑडिओबुक तुम्ही घरीच स्वतःच्या आवाजात करणार असाल, तर ध्वनिमुद्रणापूर्वी सर्व परकी नावांचे उच्चार देवनागरीत लिहून काढावेत; ‘अताउल्फ’ तिसऱ्या प्रकरणात ‘अथौल्फ’ झाला, की श्रोता दोन माणसे समजतो. दादरला रुळांलगत राहणाऱ्यांनी शेवटची लोकल गेल्यावर, पंखा बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाचावे (घाम येतो, इलाज नाही). आरंभी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. संपादनात जोड लपवायला तीच उपयोगी पडते. ऑडिओबुकचे हक्क प्रकाशकाकडे आहेत का, हे मात्र करारात आधीच पाहावे.